ताई, आय सेव्हन टाकून देतो

मे २०२४ मध्ये मी माझा पहिला पीसी स्वतः जोडला, अकोल्यात, घरच्या डायनिंग टेबलावर. बाहेर ४५ अंश, घरात कूलर चालू पण त्याचं तोंड टेबलाकडे करायचं नाही, कारण आईचं म्हणणं कूलरच्या हवेत पाणी असतं आणि एवढं महागाचं सामान ओलं झालं तर काय करशील. बरोबरच होतं तिचं. घाम पुसत पुसत पाच तास लागले. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले कितीतरी जण "७० हजारात काय घेऊ गं" विचारून गेलेत आणि मी दर वेळी व्हॉट्सॅपवर तेच ते बडवत बसते, म्हणून आता एकदाचं इथे लिहून टाकते.

आधी कोटेशनची गोष्ट सांगते. बजेट ७० हजार, मॉनिटरसकट, कीबोर्ड-माउस जुनेच वापरणार होते. एका दुकानात गेले तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ताई, भावासाठी का?" म्हटलं नाही, माझ्यासाठी, गेमिंगला. तो दोन सेकंद थांबला आणि मग एकदम खुशीत येऊन म्हणाला, "मग आय सेव्हन टाकून देतो!" जसं काही चहात आलं टाकायचंय. कागदावर लिहून दिलं त्याने: प्रोसेसर इंटेलचा आय सेव्हन १२७००, एच ६१० बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसतं), ८ जीबी रॅमची एक स्टिक, ५१२ जीबीची एसएसडी, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६५० चार जीबी, काचेचं कॅबिनेट आणि त्यात चार रंगीबेरंगी पंखे, सोबत एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) फ्री, वर २२ इंची ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा मॉनिटर. बेरीज ६६ हजार. "तुमचे चार हजार वाचले पण!"

तो कागद मी अजून ठेवलाय. त्यातली एकही वस्तू खोटी नव्हती, फ्रीवाला एसएमपीएस सोडला तर वाईट पण नव्हती. १२७०० हा १२ कोरचा मस्त प्रोसेसर आहे, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला द्या, नाचेल तो. पण मला गेम खेळायचे होते आणि त्या कागदावर प्रोसेसर २८ हजाराचा आणि ग्राफिक कार्ड १३ हजाराचं, ते पण २०१९ साली आलेलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. त्यात पुन्हा १२७०० जोरात चालला की १८० वॉटपर्यंत खातो आणि एच ६१० चे स्वस्तातले बोर्ड बघा, प्रोसेसरला करंट पुरवणाऱ्या भागावर साधा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, नसतो बऱ्याच वेळा, अकोल्याच्या उन्हाळ्यात त्या बिचाऱ्या बोर्डाचं काय झालं असतं देव जाणे.

आता हे "जड" कसं ओळखायचं ते मला नीट कळलं दिवाळीतल्या पोळ्यांवरून. आमच्याकडे सगळे जमले की आई लाटते आणि काकू भाजते. गेमचं पण तसंच असतं, एक एक फ्रेम म्हणजे एक एक पोळी. प्रोसेसर लाटतो, म्हणजे कोण कुठे उभं आहे, गोळी लागली की नाही, दार उघडं का बंद, हा सगळा हिशोब करून "आता हे चित्र काढ" असा निरोप पुढे सरकवतो, आणि ग्राफिक कार्ड भाजतं, म्हणजे ते चित्र खरोखर रंगवतं. आई भराभर लाटतेय पण तवा लहान असेल तर लाटलेल्या पोळ्या ताटावर साचतात आणि आई हात बांधून बसते. काकूचा तवा मोठा पण आई सावकाश, तर तवा नुसताच तापतो. पानात पोळी पडायचा वेग शेवटी हळू माणसाचाच. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला दोघींकडे मिळून नाही, प्रत्येकीकडे साधारण १६.७ मिलिसेकंद असतात, १४४ हव्या असतील तर ६.९. आय सेव्हन आणि १६५० म्हणजे आई हात बांधून बसलेली, आणि तिला बसायचे २८ हजार दिलेले.

पण खरी गंमत पुढे आहे. स्क्रीनवर ठिपके किती, यावर भाजायचं काम ठरतं. साध्या फुल एचडी स्क्रीनला २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पी ला ३६.९ लाख, फोर-के ला ८२.९ लाख. रेझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम धडाधड वाढतं पण प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं, कारण दार उघडं का बंद हा हिशोब स्क्रीन केवढी आहे यावर अवलंबून नसतो. (इथे पोळीचं उदाहरण फसतं, मोठी पोळी लाटायला पण वेळ लागतो, काकूने वाचलं तर पहिली तीच बोलेल.) म्हणजे उलटं बघा, कमी रेझोल्यूशन आणि जास्त फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसर घाम गाळतो, जास्त रेझोल्यूशन आणि ६० फ्रेम पुरत असतील तर कार्ड. त्यामुळे "आय सेव्हन का आय फाइव्ह" हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न मॉनिटर कुठला आणि खेळणार काय.

लोक मॉनिटर शेवटी घेतात, उरलेल्या पैशात. मी पण तेच करणार होते. मग ऑफिसातल्या एकाने विचारलं की तू रोज काय खेळणार आहेस, खरं सांग. खरं म्हणजे रोज रात्री गँगसोबत व्हॅलोरंट, आणि शनिवार-रविवार एकटीने सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड २. एक गेम प्रोसेसर खाणारा आणि दोन कार्ड खाणारे. म्हणून मॉनिटर २४ इंची फुल एचडी, आयपीएस पॅनलचा, १६५ हर्ट्झ, ११,४०० ला. १४४० पी चा मोह झाला होता पण मग कार्ड एक पायरी वरचं लागलं असतं, त्यासाठी एसएमपीएस वरचा, आणि ७० चे ९० कधी झाले असते कळलं नसतं. बजेट असंच फुगतं, एका वस्तूने नाही, तिच्या मागून येणाऱ्या वऱ्हाडाने.

तर कार्ड. तेव्हा माझ्यासमोर दोन होती, आरएक्स ६६०० साडेवीस हजाराला आणि आरटीएक्स ४०६० जवळपास २९-३० ला. दोन्ही ८ जीबीची. ४०६० वेगवान आहे, वीज पण कमी खातं, ११५ वॉट, आणि डीएलएसएस मिळतं (कार्ड चित्र लहान काढतं आणि मग हुशारीने मोठं करून दाखवतं), ब्लेंडरसारखं थ्रीडीचं काम करणाऱ्याने डोळे झाकून एनव्हिडियाचं, म्हणजे आरटीएक्सवालं घ्यावं. पण मला नऊ हजार बोर्डात आणि एसएमपीएसमध्ये हवे होते आणि फुल एचडीला ६६०० पुरतं, त्या कागदावरच्या १६५० च्या तर दुपटीपेक्षा जास्त फ्रेम देतं. सेकंड हँड पण बघितली मी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डांवर हिशोब चालवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हापासून मायनिंगमधून निवृत्त झालेली कार्डं बाजारात फिरत होती, स्वस्त असायची, काही चांगली पण निघायची, पण पहिल्याच पीसीला बिघडलेलं काय आणि माझं चुकलं काय हे ओळखता येत नाही, म्हणून नवीनच घेतलं.

प्रोसेसर रायझेन ५ ५६००, सहा कोर, अकरा हजार, सोबत पंखा मिळतो. इंटेलचा १२४०० एफ पण चालला असता, तो पण सहा कोरचाच, दोघांमध्ये डोकं लावायचं नाही, ज्याचा बोर्ड स्वस्तात चांगला मिळेल तो घ्यायचा. एक फसगत मात्र सांगते कारण त्यात माझी मैत्रीण सापडली. ५६०० आणि ५६०० जी नाव सारखंच वाटतं, जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, मग वाटतं आत्ता हा घेऊ, कार्ड वर्षाने टाकू. पण जी मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, निम्मा आहे, ५६०० ला ३२ एमबी, जी ला १६, आणि कार्डाशी बोलायची लाइन पण जुनी, पीसीआय ३. म्हणजे वर्षाने कार्ड टाकल्यावर साध्या ५६०० पेक्षा मागेच राहणार. कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर जी एकदम बरोबर, नंतर घ्यायचं असेल तर थोडं थांबून एकदमच घेतलेलं बरं. आणि उलटं पण लक्षात असू द्या, साध्या ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे एचडीएमआयची वायर बोर्डाला लावली तर काळोख. पहिल्या दिवशी ती मी बोर्डालाच लावली होती हे कुणाला सांगितलेलं नाही.

बोर्ड बी ५५०, ९,२०० ला. बी ४५० घेतला असता तर अडीच-तीन हजार वाचत होते. पण ६६०० कार्डाला बोर्डाशी बोलायला सोळाऐवजी आठच लेन असतात, बी ४५० वर त्या जुन्या वेगाने चालतात, आणि दुसरं म्हणजे बी ४५० हा २०१८ चा बोर्ड, दुकानात जुना स्टॉक पडलेला असेल आणि बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असेल तर ५६०० ला तो ओळखतच नाही, सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरतात आणि स्क्रीन कोरी. बी ५५० च्या अगदी जुन्या पीसला पण हे होऊ शकतं, म्हणून घेतानाच विचारायचं की बायोस अपडेट आहे का, नसेल तर तिथेच करून द्या. रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० वेगाच्या, किंमत ३,४०० रुपये. एकच १६ ची नाही, दोन आठच्या, कारण दोन असल्या की प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई, ५,३००. यावर फार बोलण्यासारखं नाही, फक्त ५१२ घेऊ नका, रेड डेड एकटाच दीडशे जीबी जागा मागतो.

आता एसएमपीएस, इथे मी थांबणार आहे जरा.

त्या पोराला मी विचारलं होतं, फ्रीवाला एसएमपीएस दाखव. त्याने कॅबिनेट उघडून दाखवला. वर मोठ्ठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली स्टिकरवर बारीक कोष्टक असतं, ते वाचायचं असतं, त्यात १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिलेलं. आता प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते १२ व्होल्टवरच. १२ गुणिले १६, १९२ वॉट. आणि त्याच कागदावरचा १२७०० एकटाच १८० पर्यंत जाऊ शकतो, १६५० चे ७५, झाले २५५. म्हणजे मशीन स्वतःच्याच एसएमपीएसवर पूर्ण जोर लावू शकली नसती. वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि कीर्तनाला चार रंगीत पंखे. मी घेतला तो ५५० वॉटचा, ४,३०० ला, त्याच्या १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. माझा हिशोब असा होता: कार्ड १३२, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा, २६० च्या आसपास. दुप्पट कशाला मग? एक तर कार्ड क्षणभरासाठी उसळी मारतं, दुसरं पुढे कार्ड बदलायचं झालं तर एसएमपीएस परत नको, आणि तिसरं अर्ध्या भारावर तो थंड आणि गप्प राहतो. ८० प्लस ब्रॉन्झ हे जे लिहिलेलं असतं ते फक्त वीज किती वाया जाते त्याचं असतं, आतला माल चांगला आहे याची ती खूण नाही, त्यासाठी वॉरंटी किती वर्षं देतात ते बघायचं, तीन-पाच वर्षं देणारा उगाच देत नाही.

यूपीएसचं पण असंच. आमच्याकडे जुना ६०० व्हीए चा पडलेला, मी म्हटलं झालं काम. डब्यावर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं, माझी मशीन मॉनिटर धरून गेम चालू असताना भिंतीतून सव्वातीनशेच्या आसपास ओढते, कागदावर बसतं म्हणायला, पण त्याची बॅटरी म्हातारी. जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली आणि यूपीएस पण तिच्यासोबतच गेला, एक बीप सुद्धा नाही. मग ११०० व्हीए चा घेतला, ६६० वॉटचा, पाचेक हजार, बजेटच्या बाहेर. महाराष्ट्रात मुंबई-पुणे सोडून कुठेही राहत असाल तर हे पाच हजार आधीच बाजूला काढा, मी नव्हते काढले.

कॅबिनेट ३,९०० चं, समोर जाळी असलेलं. समोर काच असलेली दिसायला भारी असतात पण हवा आत येणार कुठून? खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या चिपचं पण साधारण तेवढंच वाढतं, आणि ज्या गावात मे महिन्यात रात्री अकराला पण भिंती गरम लागतात तिथे काचेमागे पंखे लावणं म्हणजे गोधडी पांघरून पळायला जाणं. प्रोसेसरसोबत आलेला पंखा जानेवारीत ठीक होता, पुढच्या एप्रिलमध्ये प्रोसेसर ८५ च्या वर जायला लागला तेव्हा दोन हजाराचा उंच कूलर टाकला.

एकूण डबा ५७,६०० आणि मॉनिटर ११,४००, बरोब्बर ६९ हजार. त्यात कार्डाचा वाटा डब्याच्या साधारण ३५ टक्के. लोक म्हणतात कार्डावर अमुक टक्के घालवा, मी काही टक्केवारी डोक्यात ठेवून घेतलं नव्हतं, आपोआप आलं तसं.

सामान आणलं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. खरं तर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे पण ते कुणी घेत नाही, ग्रँट रोडला उतरा आणि कुणालाही विचारा. चार दुकानांत माझ्या यादीचा कागद फिरवला, प्रत्येकाने एक वस्तू स्वस्त आणि एक महाग सांगितली, शेवटी दोन दुकानांत मिळून घेतलं. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घेतला, दुकानदार कंटाळला पण लिहिलं त्याने. परतीला रात्रीची अमरावती एक्सप्रेस, कार्ड आणि प्रोसेसर मांडीवरच्या बॅगेत, कॅबिनेट बर्थखाली, समोरच्या काकांनी विचारलं टीव्ही का, मी हो म्हटलं.

जोडायचं कसं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते नाही सांगत. एकच प्रसंग सांगते जो कुठल्याच व्हिडिओत नीट नव्हता. प्रोसेसरसोबतचा पंखा चार स्क्रूंनी बसतो, त्याआधी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. काढल्या. आणि बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी ठण्णकन टेबलावर पडली. मला वाटलं बोर्ड तुटला. आई आतून "काय करून राहिली वं तू?" मी गार. ती पट्टी फक्त त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या चार स्क्रूंनीच अडकलेली असते, काढले की पडणारच, मागून हात लावून धरायची एवढंच. आई मग ती पट्टी बोटाने दाबून बसली आणि मी वरून स्क्रू आवळले, एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, स्कूटरच्या चाकाचे नट आवळतात तसे.

आणि आता चुका, कारण पार्ट निवडून काम संपत नाही, निवडलेलं पूर्ण वापरात यावं लागतं. ऑगस्टपर्यंत मी १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर वापरत होते. विंडोजने आपल्या मनाने ६० ठेवलेलं, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये जाऊन बदलायचं असतं, मला वाटायचं माझेच डोळे मंद आहेत. दुसरं, रॅम. बोर्डावर चार जागा, मी दोन स्टिक शेजारी शेजारी लावल्या, दिसायला छान, पण प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी जागा वापरायची असते, नाहीतर दोन्ही एकाच रस्त्यावर. आणि तिसरं, टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर रॅमचा वेग २४००. मी तर ३२०० ची घेतलेली! दुकानदाराला फोन लावून भांडणार होते, नशीब आधी शोधलं. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं, बोर्डाच्या कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं, तोवर ती सुरक्षित म्हणून हळूच चालते. जागा बदलली, एक्सएमपी लावलं, आणि व्हॅलोरंटमध्ये मधूनच जो झटका बसायचा तो गेला. सायबरपंकमध्ये जवळपास काहीच फरक नाही.

हा फरक का पडला आणि का नाही पडला, यातच सगळं आहे. मग मी आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकून, कोण किती राबतंय त्याचे आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात लावले. सायबरपंकमध्ये कार्ड ९८ टक्के, म्हणजे काकू पूर्ण जोरात, आई थोडी निवांत. व्हॅलोरंटमध्ये कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर आणि फ्रेम दोनशेच्या वर, म्हणजे आता आई कमी पडतेय, आणि रॅम हा आईचा पोळपाट, तो मोठा केला म्हणून तिचा हात मोकळा झाला. एकच मशीन, गेम बदलला की अडणारा माणूस बदलतो. म्हणून ते इंटरनेटवर बॉटलनेक (म्हणजे अडणारा माणूस) कॅल्क्युलेटर असतात ना, दोन पार्टांची नावं टाका आणि "१२ टक्के बॉटलनेक" असा आकडा काढून देतात, ते बघून रात्रीची झोप घालवू नका, गेम कुठला आणि स्क्रीन कुठली हे नीट धरल्याशिवाय तो आकडा कशाचा? कोणीतरी एक अडणारच, नाहीतर फ्रेम अनंत झाल्या असत्या. फक्त तुमच्या मॉनिटरच्या आत अडायला नको, आणि जो रिकामा बसलाय त्याला फार पगार दिलेला नको. स्वतःला तपासायचं असेल तर सोपं आहे, गेममध्ये रेझोल्यूशन खाली करा, फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं, आहे तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

हां, आणि अर्थिंग! हे राहिलंच होतं. पहिल्या आठवड्यात अनवाणी पायाने कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मला वाटलं एसएमपीएस खराब. इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावला, म्हणाला ताई तुमच्या या पॉईंटला अर्थिंगच नाही, तिसरं भोक नुसतं शोभेला. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, तो थोडीशी गळती बॉडीवर सोडतो, अर्थिंग असलं की ती जमिनीत जाते, नसलं की बॉडीवर निम्मं व्होल्टेज तसंच उभं राहतं, करंट अगदी किंचित असतो पण चटका जाणवतो. दीडशे फुटांची वायर ओढून नवीन पॉईंट केला त्याने. ६९ हजाराच्या यादीत अर्थिंग कुणीच लिहीत नाही.

आज हीच यादी घेऊन जाऊ नका पण, भाव बदललेत. २०२५ च्या शेवटी रॅम अशी भडकली की माझ्याच त्या दोन स्टिकचा भाव दुपटीच्या वर गेला, डेटा सेंटरवाले माल उचलत होते. एएम५ वर, म्हणजे रायझेनच्या नव्या पिढीच्या बोर्डांवर जायचं तर नवी डीडीआर५ रॅमच लागते, म्हणजे तिथे अजून फटका. भाव असे हलले की समतोल पण हलतो, तेव्हा यादी नका घेऊ, हिशोब घ्या.

परवा मामाच्या पोराने फोटो पाठवला, त्याचं कोटेशन. आय सेव्हन, नवीन पिढीचा, आणि आरटीएक्स ३०५०. मी हसले आणि विचारलं मॉनिटर कुठला? तर म्हणे मॉनिटर नाही घेत, हॉलमधल्या टीव्हीला लावणार, ४३ इंची फोर-के. टीव्ही ६० हर्ट्झचा. मी जरा बसून विचार केला, कारण इथे माझी स्वतःची यादी पण चुकते. टीव्ही ६० च्या वर दाखवूच शकत नाही, म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमला आरामात १६.७ मिलिसेकंद, त्याला १२४०० एफ भरपूर झाला, आणि ठिपके ८२.९ लाख, म्हणजे सगळा पैसा कार्डात, माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या, आणि तरीही डीएलएसएस किंवा त्याच्यासारखंच एफएसआर लावूनच खेळायचं. हे सगळं मी त्याला लांबलचक लिहिलं, हिशोब करून, प्रत्येक पार्टची आजची किंमत टाकून.

दोन निळ्या टिका आल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, पण त्याचं नाही, मामाचं, त्याच्याच फोनवरून: "आधी बारावी होऊ दे त्याची."